घशातला काटा

आमच्या घरात कुणाला घास गिळवला नाही तर त्याचं एकच कारण असू शकत होतं, ते म्हणजे काटा. दुसरं काही कारण असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि असायची गरजही नव्हती. रत्नागिरीच्या बंदरावरून वर चढत येणाऱ्या पाखाडीला, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या गल्लीला, आमचं घर होतं. बाबा एका मच्छीमार लाँचवर तांडेल होते, खलाशांचे मुख्य. आई बाजारात मासळी विकायला बसे. आणि घर चालवायची ती बाबांची थोरली बहीण, आमची आत्या. ती लग्न होऊन गेली होती तशीच वर्षाच्या आत परत आली होती. का, ते तिने कधी सांगितलं नाही आणि तिला विचारायची कुणाची छाती झाली नाही. सकाळी बांगडा, रात्री मांदेली, काही नसेल तर सुकट. अशा घरात एखादं पोर जेवताना हात थांबवून गळ्याशी नेऊ लागलं, तर तपास कसला करायचा?

माझा हात गळ्याशी गेला की आत्या बसल्या जागेवरून निदान सांगे, "लागला काटा हिला!" आणि उपाय सुरू होत. पहिला उपाय कोरड्या भाताचा गोळा. आत्या तो तळहातावर वळून वळून लिंबाएवढा करायची आणि म्हणायची, "चावू नको. तसाच गिळ. भाताबरोबर जाईल खाली." गोळ्याने नाही भागलं तर केळं. केळ्याने नाही भागलं तर माझ्यापुढचं ताट गोल फिरवायचं. ताट फिरवल्याने काटा कसा सरकतो हे मी एकदा विचारलं होतं. "ताट फिरलं की काटा फिरतो," एवढंच उत्तर मिळालं, आणि ते अशा सुरात की पुढचा प्रश्न मूर्खपणाचा ठरावा. सगळ्यात शेवटचा उपाय मांजराचा. मांजर माशाचे काटे पचवतं, म्हणून त्याचा पंजा गळ्यावरून उतरता फिरवायचा. आमची बोकी या कामाला कधीच राजी नसे. आत्याने तिला काखोटीला मारलं की ती आधी आत्याला ओरबाडायची, मग मला. माझ्या गळ्यावर अजून एक बारीक पांढरी रेघ आहे. लोक समजतात ती ऑपरेशनची खूण आहे, आणि मी त्यांचा समज मोडत नाही, कारण खरं सांगितलं तर फारच लांबण लागते.

गंमत अशी की बहुतेक वेळा उपाय लागूही पडायचा. थोडा वेळ डोळ्यांतून पाणी, तोंडात फेसाळ थुंकी, मग आत काहीतरी सरकल्यासारखं व्हायचं आणि घास एकदाचा खाली उतरायचा. नाहीतर सगळंच बाहेर यायचं. दोन्हीपैकी काहीही झालं तरी आत्याच्या हिशेबी काटा गेला. बाबा समुद्रावरून आलेले असले तर म्हणायचे, "माझ्या जाळ्याला लागत नाय तेवढी मासळी हिच्या घशाला लागते. पुढच्या खेपेला हिलाच नेतंय लाँचवर." सगळे हसायचे. मीही हसायचे. बाबांच्या तोंडून आपलं नाव निघालं याचाच मला आनंद असायचा, कारण ते महिन्यातले बरेच दिवस पाण्यावर असत.

काटा ही झाली अधूनमधूनची गोष्ट. रोजची गोष्ट वेगळी होती. जेवून उठलं की छातीच्या मधोमध विस्तव पडायचा. वाकलं की घशात आंबट पाणी यायचं, कधी पाण्याबरोबर भाताचं शीतही यायचं, आणि ते मी निमूटपणे परत चावून गिळायचे. आत्याने त्यावरून मला 'म्हैस' नाव ठेवलं होतं. आडवं झालं की खोकल्याची उबळ. मी हे कुणाला सांगितलं नाही, आणि त्यामागे काही सोशिकपणा वगैरे नव्हता. जेवल्यावर सगळ्यांच्याच छातीत जळतं अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मोठी माणसं ते न बोलता सोसतात, मोठं होणं म्हणजे तेच असावं, असं मला वाटे. आज माझी लेक तिच्या पोराला जरा उचकी लागली तर फोन उघडून वाचत बसते, त्याची मी टर उडवते. पण मनातून मला बरं वाटतं. सतत जळणं हे नेहमीचं नसतं, एवढं तरी त्या पोराला कुणी सांगेल.

आईच्या लक्षात माझं जेवण यायचं, पण तिला वेळ नसायचा. पहाटे जेट्टीवर लिलाव, मग बाजार, दुपार कलून ती घरी यायची तेव्हा तिच्या हाताला खवल्यांचा वास आणि आवाज बसलेला. दिवसभर गिऱ्हाइकांशी घासाघीस केलेल्या बाईला घरात बोलायला आवाज उरत नाही. घरात आवाज होता तो आत्याचाच. नारळ खवताना, भाकरी थापताना, शेजारणीशी बोलताना, देवाशी बोलतानाही तोच. मी जेवायला बसले की तिचं सुरू व्हायचं, "बसली आमची राणी. आता भरती लागेल, ओहोटी होईल, तरी हिच्या ताटात पाणी तेवढंच." खरंच होतं ते. एक घास मी पीठ होईपर्यंत चावायचे, मग पाण्याचा घोट, मग घासाची वाट बघायची तो गेला का म्हणून, आणि मग पुढचा. भाकरीचा तर मी नादच सोडला होता. पेज, मऊ भात, कालवणाचं पाणी, यांवर माझा संसार चालला होता. अंगाने मी इतकी किरकोळ होते की समुद्रावरून वारा सुटला की आत्या सांगायची, "दार धरून उभी ऱ्हा गो."

आणि तिच्याकडे या किरकोळपणावर, जळजळीवर, ढेकरांवर, अंगावर उठणाऱ्या गांधींवर, आणि माझ्या अंदाजाने जगातल्या एकूण दुःखावर एक औषध होतं, ते म्हणजे आमसूल. वैशाखात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आले की आत्या कुणाची नसायची. फळं फोडायची, बिया काढायच्या, सालं त्यांच्याच रसात बुडवायची, उन्हात घालायची, परत बुडवायची, परत घालायची, काळीभोर होईपर्यंत. तिचे हात महिनाभर लाल. पावस गावापासून मुंबईपर्यंतचे नातेवाईक तिच्या आमसुलांची वाट बघत, आणि जो बघत नसे त्याच्याशी ती बोलत नसे. मी छातीवर हात ठेवलेला तिला दिसला की लगेच आमसुलं कुस्करलेलं पाणी, त्यात जिरं, चिमूट साखर. "पी. पित्त बसेल." कोकणात हे कुणाला शिकवावं लागत नाही. मी प्यायचे आणि छातीतला विस्तव भडकायचा. "आत्ये, जळतंय," मी म्हणायचे. "जळायलाच हवं," ती म्हणायची, "जळतं म्हणजे औषध पित्ताला भिडलं." या युक्तिवादाला मला अजूनही उत्तर सापडलेलं नाही.

मी नऊ वर्षांची होते त्या वर्षीचे गणपती आले. आमच्याकडे गणपती म्हणजे घराला चुना, मूर्तीवरच्या लाकडी माटवीला बांधलेली कवंडळाची फळं नि तेरड्याची फुलं, आणि आत्याच्या आवाजाला आरतीची जोड. बाबा किनाऱ्यावर होते. आईने टोपली धुऊन पडवीत उपडी घातली होती. गणपती जाईपर्यंत ना कोणी मासळी घेणार ना ही विकणार. ती घरात दिवसभर दिसायची त्याचाच मला सण वाटे. दुसऱ्या दिवशी दुपारची आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, आणि आत्याने प्रसाद वाटला: साखर आणि नारळाचा तुकडा. एरवी मी असा तुकडा गुपचूप बोकीपुढे टाकला असता. पण त्या दिवशी आई शेजारी उभी होती, आणि माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटलं की आज आपण सगळ्यांसारखं खाऊन दाखवावं. तुकडा तोंडात टाकला, घाईने चावला आणि गिळला.

तो जायचा तेवढा गेला आणि थांबला. नेहमीचंच होतं, पण नेहमीपेक्षा घट्ट. माझा हात गळ्याशी गेला. आत्याच्या हातात अजून आरतीचं ताट होतं, ते तिने तसंच खाली ठेवलं. "लागला! सणासुदीला लागला काटा पोरीला!" ती स्वयंपाकघरात गेली आणि नैवेद्याच्या भातातला गोळा वळूनच बाहेर आली. "घे. चावू नको." मी मान हलवून नको म्हटलं असावं. ती म्हणाली, "दरवेळी नाटकं. गिळ." मी गिळला. आणि पहिल्यांदाच गोळ्याने काही हललं नाही. तो त्या तुकड्यावर जाऊन बसला. मी पाणी प्यायले, ते तसंच्या तसं परत आलं. थुंकी गिळायला गेले, ती गिळवेना. तोंडातून लाळेची धार लागली, आणि मला तेव्हा खरी भीती वाटली. श्वास चालू होता, पण मला वाटलं की आता हाही थांबेल. मी आईचा पदर धरला.

आत्या दुसरा गोळा वळत होती. बाबा म्हणाले, "पाठीत थापट मारा तिच्या." शेजारून कुणीतरी केळं आणलं. बोकीला शोधायला माणूस गेला. त्या सगळ्या गलबल्यात आई बोलली. मी आधीच म्हटलं, तिचा आवाज घरात कधी नसायचाच. तो बाजारासाठी राखलेला होता. त्या दिवशी बाजारातलाच आवाज लागला तिला.

"काटा कसला? अगो वन्सं, काटा कसला? गणपती आल्यापास्नं माझी टोपली उपडी हाय. घरात मासळीचा खवला तरी हाय का? काटा आला कुठनं?"

सगळे जागच्या जागी थांबले. आत्याच्या हातात तो गोळा तसाच राहिला. तिने आईकडे बघितलं, मग गणपतीकडे, मग माझ्याकडे. मला तो चेहरा अजून दिसतो. इतकी वर्षं जे काटे आपण उतरवले, ते काटे नव्हतेच की काय, हा विचार एखाद्याच्या चेहऱ्यावर येताना मी बघितला आहे. तो तिला लागला, आणि मला त्या हालातही तिची दया आली.

बाबांनी मला उचललं आणि पाखाडीच्या पायऱ्या उतरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांचा दवाखाना त्यांच्याच घरात, बाहेरच्या खोलीत. त्यांच्याकडेही गणपती होता आणि हाताला अजून कणीक होती. आई सांगू लागली, बाबा सांगू लागले. बाईंनी हात धुतले आणि दोघांना गप्प केलं. "तोंड उघड," त्या मला म्हणाल्या. मला वाटलं घसा बघतील, पण त्या दातच बघत राहिल्या, बोट घालून आतल्या बाजूने चाचपून. मग म्हणाल्या, "हिचे दात आतून झिजलेत. रोज आंबट वर येतं का गं?" मी मान हलवली. "जेवल्यावर छातीत जळतं?" मी परत मान हलवली, आणि मला आश्चर्य वाटलं, कारण कुणी असं विचारू शकतं, म्हणजे ते सगळ्यांना होत नसावं. "किती दिवसांपासून?" याला माझ्याकडे मानेचं उत्तर नव्हतं. आईने तोंडावर पदर घेतला आणि ती तिथेच, दवाखान्यातल्या बाकावर रडायला लागली.

बाईंनी चिठ्ठी दिली आणि ताबडतोब कोल्हापूरला निघायला सांगितलं. बाबा, आई आणि मी मिळेल त्या एसटीने निघालो. आत्या घरी राहिली. घरात गणपती बसलेला असताना दाराला कुलूप घालता येत नाही. दिवा लावायला, नैवेद्य दाखवायला कुणीतरी हवं. पण मला आठवतं ते एवढंच की ती दारापर्यंत आली नाही. आंबा घाटाच्या वळणांवर आई माझ्या हनुवटीखाली पंचा धरून बसली होती, लाळ पुसत. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. समुद्रावर कधी न घाबरलेला माणूस डोंगर बघून घाबरल्यासारखा दिसत होता.

कोल्हापूरच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात मला झोपवून, घशातून नळी घालून, नारळ आणि भात बाहेर काढला. हे मला सांगितलेलं. मला फक्त नाकावर ठेवलेल्या मास्कचा गोड वास आठवतो. मग दोनेक दिवसांनी एक पांढरं, खडूसारखं पाणी पाजून फोटो काढले. तिथले मोठे डॉक्टर मिशीवाले, सावकाश बोलणारे. त्यांनी फोटो उजेडाला धरून बाबांना दाखवला. अन्ननलिका वरून चांगली रुंद येत होती आणि खाली पोटाशी पोचता पोचता सुरईच्या मानेसारखी आवळली होती. "पोटाच्या तोंडाशी एक झडप असते," डॉक्टर म्हणाले, "हिची ढिली आहे. जन्मापासून असेल. पोटातलं अॅसिड वर येतं, नळी भाजते, जखम होते. जखम भरते तेव्हा तिथली कातडी आखडते. मग परत भाजते, परत आखडते."

बाबांनी फोटोतल्या आवळल्या जागेवर बोट ठेवलं. "म्हणजे इंजिनाच्या पाइपात काजळी धरते तसं," ते म्हणाले.

"तसंच," डॉक्टर म्हणाले. "फक्त हा पाइप बदलता येत नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्यासमोर सांगितलं, कारण त्या काळी पोरांना कळत नाही असा सगळ्यांचा समज होता. एकापेक्षा एक जाड नळ्या घालून ती जागा हळूहळू रुंद करायची. पुन्हापुन्हा यावं लागेल. औषध चालू ठेवायचं, पथ्य कडक. जागा उघडी राहिली तर पोर जेवेल. नाही राहिली, पुन्हापुन्हा आवळत गेली, तर छाती उघडून मोठं ऑपरेशन, आणि तोवर पोटाला भोक पाडून नळीने दूध. "हिला भात खाता येईल का?" आईने विचारलं. तिचा तो प्रश्न मला फार साधा वाटला होता. आता मी स्वतः आई आहे, आजी आहे, आणि मला कळतं की आमच्याकडच्या बाईला याच्याहून मोठा प्रश्न विचारताच येत नाही. डॉक्टर म्हणाले, "बघू या."

पथ्याची यादी घेऊन आम्ही घरी आलो तोवर गणपती पाण्यात गेले होते. यादी बाबांनी वाचून दाखवली. थोडं थोडं खायचं. जेवून आडवं व्हायचं नाही. खाटेची उशाकडची बाजू उंच करायची. त्यासाठी बाबांनी बांधकामावरून दोन जांभ्याचे चिरे आणून पायांखाली लावले, तेव्हापासून मी रोज उशीवर निजायचे आणि सकाळी पायथ्याशी गोळा होऊन उठायचे. गुलाबी, पेपरमिंटच्या वासाचं औषध. तिखट, तळकट बंद. "मासळी?" आत्याने विचारलं. "मासळी चालेल म्हणालेत," बाबा म्हणाले, "मऊ शिजवून, काटे काढून खुशाल द्या. आंबट मात्र कायमचं बंद. आमसूल, सोलकढी, आगळ, काही नाय."

जिच्यावर वर्षानुवर्षं आळ घेतला ती मासळी निर्दोष सुटली, आणि घरात वैद्य म्हणून मानाने बसवलेलं आमसूल आरोपी ठरलं. आत्याने आधी विश्वासच ठेवला नाही. "आमसूल पित्ताला वाईट?" ती म्हणाली, "उद्या म्हणतील दर्या गोड हाय. कोल्हापूरचा माणूस तो. त्याला काय कळतं आमसूल? आंबट म्हटलं की चिंच घालणारी माणसं ती." पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या वाटीतल्या कालवणात आमसूल नव्हतं. आमच्याकडे बिनआमसुलाचं मासळीचं कालवण म्हणजे बिनकुंकवाचं लग्न. ती ते वेगळ्या भांड्यात करायची, आणि करताना मागचं दार लोटून घ्यायची, न जाणो शेजारणीने वासावरून ओळखलं तर.

ती सगळं करायची, पण एक गोष्ट करेनाशी झाली. ती मला वाढेना. वाटी भरून ओट्यावर ठेवायची आणि आईला सांगायची, "दे तिला." आई बाजारात असली तर म्हणायची, "ठेवलंय बघ, घे तुझं तू." मी जेवायला बसले की भरती-ओहोटीची टकळी नाही, राणी नाही, म्हैस नाही. ती पाठ करून नारळ खवत बसायची, आणि मी जरा थांबले, नुसतं पाणी प्यायला थांबले, तरी खवणीचा आवाज थांबायचा. आम्ही कोल्हापूरला असताना तिने गणपतीला काय सांगितलं ते तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तिने पाया वगैरे पडून मागितलं असेल असं मला वाटलं होतं. छे. "मी त्याला सरळ सांगितलं," ती म्हणाली, "पोर धड परत आली नाय तर तू विसर्जनाची वाट बघू नको, मीच उचलून नेऊन टाकतंय तुला विहिरीत." देवाला असा दम देणारी बाई, पण माझ्या ताटात भाताचा चमचा टाकायला तिचा हात उचलत नव्हता. तिला माझी भीती वाटत होती, आणि मला तिचे टोमणे नसल्याचं वाईट वाटत होतं. शिव्या देणारं माणूस गप्प झालं की घर परकं होतं.

त्या वर्षात आम्ही कोल्हापूरला किती वेळा गेलो ते माझ्या लक्षात नाही. घाट पाठ झाला, एवढं लक्षात आहे. प्रत्येक वेळी परत आल्यावर थोडे दिवस सुखाचे जायचे, मग घास परत रेंगाळू लागायचा, आणि आई माझ्या गळ्याकडे बघू लागायची. एकदा मिशीवाले डॉक्टर नुसतंच 'हं' म्हणाले, आणि बाबा त्या रात्री जेवले नाहीत. मग पुढच्या एका खेपेला डॉक्टर म्हणाले, "या वेळी बरीच उघडी राहिलीये. आता जरा लांबची तारीख देतो." बाबांनी बाहेर येऊन मला उसाचा रस पाजला, लिंबू न पिळता. मी स्वतः मात्र काही विश्वास ठेवला नाही. मी आपली तसाच घास पीठ करून, पाणी पिऊन, वाट बघून जेवत होते. सवय घशाहून चिवट असते. आजही मी पंगतीत सगळ्यांच्या शेवटी उठते, आणि माझे जावईबापू ताटकळत उभे राहतात, ते मला आवडतंसुद्धा.

वैशाख आला. आत्याने त्याही वर्षी रातांबे आणले होते, फक्त माझ्यापासून लांब, मागच्या अंगणात. दुपारची वेळ. बाबा समुद्रावर, आई बाजारात. घरात आम्ही दोघीच. आत्या लाल हातांनी आत आली, हात धुतले, माझी वाटी भरून ठेवली, त्यातलंच स्वतःलाही पानात वाढून घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून बसली. भात आणि पापलेटचं ते बिनआमसुलाचं, फिकं कालवण. मी जेवत होते आणि जेट्टीवर कुणाचं तरी भांडण चाललं होतं ते ऐकत होते. कुणीतरी कुणाच्या तरी जाळ्याला ब्लेड लावलं होतं, आणि दोन्ही बाजूंच्या बायका एकमेकींच्या माहेरापर्यंत पोचल्या होत्या. भांडण मोठं रंगलं होतं. ते मिटलं तेव्हा मी खाली बघितलं, तर वाटी रिकामी होती. पाण्याचा तांब्या भरलेला होता. मी एकदाही पाणी प्यायले नव्हते, एकदाही थांबले नव्हते. मी थुंकी गिळून बघितली. गेली. आणि मला भूक लागलेली होती. पोटात, खरी, अजून हवं अशी भूक. ती मी ओळखायला थोडा वेळ घेतला.

"आत्ये," मी म्हटलं, "भात वाढ ना थोडा."

तिने मान वळवून माझ्या वाटीत बघितलं. मग उठली, चुलीपाशी गेली, भाताच्या टोपावरचं झाकण काढलं आणि चमचा आत घातला. चमचा टोपाच्या बुडाला लागल्याचा आवाज आला. तिने टोप उजेडाकडे तिरपा केला. मग तशीच उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून, हातात चमचा घेऊन.

टोपात भात नव्हता; आईचा वाटा तिच्या डब्यातून बाजारात गेला होता. असणार कुठून? त्या घरात भात मोजून शिजायचा. बाबा असले की तिघांचा, नसले की दोघींचा. माझे तांदूळ कधी घेतलेच जात नव्हते. मला लागणारा वाटीभर भात दुसऱ्यांच्या वाटणीतून आपोआप निघायचा, आणि मी दुसऱ्यांदा मागितलं असं माझ्या जन्मापासून कधी झालं नव्हतं. लग्नाच्या पंगतीचा भात नुसत्या नजरेने अंदाजणारी ही बाई. तिला तांदूळ घेताना माझी आठवण कधी झाली नाही, आणि ते तिला त्या क्षणी, टोप तिरपा धरल्यावर कळलं. मलाही तेव्हाच कळलं. मला त्याचा राग नाही आला. मला फक्त वाटलं, तिने वळू नये, कारण ती रडत असली तर मलाही रडू येईल.

ती वळली नाही. तशीच पाठमोरी खाली बसून तिने हात मागे केला आणि स्वतःचं पान माझ्याकडे सरकवलं. "खा. माझं खा ते," ती म्हणाली. "आणि सावकाश खा गो म्हशी, कोण पळवून नेत नाय."

मी खाऊ लागले. ती फडताळाशी गेली, डबा काढला, आणि सुपात तांदूळ ओतू लागली. ओतले, बघितले, थोडे परत डब्यात टाकले, परत ओतले. मी म्हटलं, "आत्ये, मला एवढं पुरे. आता आणखी नको शिजवू."

"तुझ्यासाठी नाय शिजवत," ती म्हणाली. "चार माणसांचा भात म्हणजे तांदूळ किती, ते बघतंय."